हिरवी खूण नेमकी कुठल्या बिल्डची?

सी किंवा सी++ मध्ये काम करणाऱ्या एखाद्या टीमला विचारून पाहा, तुमच्या टेस्ट चालतात त्या लायब्ररी स्टॅटिक (प्रोग्रॅमच्या पोटात) जोडून, की शेअर्ड (वेगळी फाइल म्हणून) जोडून? बहुतेक ठिकाणी कोणालाच पटकन सांगता येत नाही. मग कोणीतरी बिल्डची फाइल उघडतं, आणि तिथेही उत्तर सापडत नाही, कारण ते कोणी लिहिलेलंच नसतं. सीमेक, मेसॉन, ऑटोटूल्स ही बिल्ड करायची हत्यारं. सीमेकला काही सांगितलं नाही तर तो लायब्ररी स्टॅटिक बांधतो. मेसॉनला काही सांगितलं नाही तर तो शेअर्ड बांधतो. जुनं ऑटोटूल्स आणि लिबटूलचं घराणं दोन्ही बांधतं आणि टेस्टचे प्रोग्रॅम शेअर्डशी जोडतं. म्हणजे कोड कुठल्या रूपात तपासायचा हे टीम ठरवतच नाही, ते हातातलं हत्यार ठरवतं. प्रकल्प ऑटोटूल्सवरून सीमेकवर नेला की एका रात्रीत तपासणीचं रूप उलटं होतं. कमिटच्या संदेशात त्याचा उल्लेख नसतो, रिव्ह्यूमध्ये कोणी विचारत नाही. टेस्ट आधीही हिरव्या, म्हणजे पास होत्या, नंतरही हिरव्याच.

जी लायब्ररी लोकांच्या मशीनवर शेअर्ड रूपात पोचते, तिचा नवा कोड मर्ज होण्याआधी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, शेअर्ड बिल्ड पास झालीच पाहिजे, असं माझं मत आहे. स्टॅटिक बिल्ड रोजच्या कामाला ठेवावी. ती सोयीची आहे, आणि सोय ही काही छोटी गोष्ट नाही. पण रिलीज तिच्या भरवशावर करू नये. यावर आक्षेप घेणारे बरेच आहेत आणि त्यांच्यातले काही अगदी बरोबर बोलतात, म्हणूनच हे जरा सविस्तर लिहितो आहे.

स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं. लिंकर, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं हत्यार, त्यातल्या सगळ्या फाइली घेत नाही. ज्या फाइलीतलं एखादं फंक्शन किंवा व्हेरिएबल कोणीतरी मागितलं आहे तेवढीच उचलतो, बाकीच्यांना हात लावत नाही. शेअर्ड लायब्ररी मात्र अख्खी एक फाइल असते. ती प्रोग्रॅम सुरू होताना लोडर मेमरीत आणतो आणि त्या वेळी तिच्यातला सुरुवातीला चालणारा सगळा कोड चालतो. फरक एवढाच वाटतो, पण त्यातून दोन वेगळ्या जातींच्या चुका निघतात. एक जात फक्त स्टॅटिकमध्ये दिसते, दुसरी फक्त शेअर्डमध्ये.

पहिल्या जातीचं सर्वांत गमतीशीर उदाहरण खुद्द टेस्टचंच आहे. गूगलटेस्ट या सी++ च्या टेस्ट लिहायच्या साधनात प्रत्येक टेस्ट एका ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमधून स्वतःचं नाव नोंदवते. त्या टेस्ट तुम्ही एखाद्या स्टॅटिक लायब्ररीत ठेवल्या आणि मेन फंक्शन दुसरीकडे ठेवलं, तर त्या टेस्टचं नाव बाहेरून कोणी घेत नसल्यामुळे लिंकर त्या फाइली उचलतच नाही. प्रोग्रॅम व्यवस्थित बांधला जातो, चालतो, शून्य टेस्ट चालल्याचं छापतो आणि शून्य एक्झिट कोड (म्हणजे ‘सगळं ठीक’) देऊन बाहेर पडतो. सीआयला, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेला, त्यात वावगं काहीच दिसत नाही. प्लगइन, ड्रायव्हर, इमेज फॉरमॅटचे वाचक असे ‘स्वतःच नोंदणी करणारे’ सगळे भाग याच खड्ड्यात पडतात. शेअर्डमध्ये ते बिनतक्रार चालतात, कारण तिथे फाइल अख्खी येते. म्हणून जो म्हणतो की शेअर्ड तपासलं की स्टॅटिक आपोआप तपासलं गेलं, त्याचंही चुकतंच.

तरीही माझा कल शेअर्डकडे आहे. का, ते एलएलव्हीएम या कंपायलर बांधायच्या प्रकल्पाच्या उदाहरणावरून नीट सांगता येईल. क्लँग कंपायलर, रस्टचा कंपायलर, ज्युलिया, लिनक्सवरचे काही ग्राफिक्स ड्रायव्हर हे सगळे एलएलव्हीएमवर उभे आहेत. आत लहानमोठ्या शेकडोंच्या घरात लायब्ररी आहेत आणि नेहमीच्या बिल्डमध्ये त्या सगळ्या स्टॅटिक असतात. परिणाम असा की प्रत्येक टूलमध्ये त्याच त्या लायब्ररी पुन्हा पुन्हा ओतल्या जातात. डीबग बिल्ड केली तर कित्येक गिगाबाइट डिस्क जाते आणि लिंकिंगच्या वेळी मेमरी इतकी लागते, की एकाच वेळी किती लिंक चालू द्यायचे यासाठी त्यांना वेगळा पर्याय ठेवावा लागला. साधा लॅपटॉप घेऊन बसलेला विद्यार्थी आठ लिंक एकदम चालवतो आणि मशीन गपगार होतं.

या त्रासावर उतारा म्हणून प्रत्येक लायब्ररी शेअर्ड बांधायची सोय आहे. लिंकिंगचा वेळ घटतो, डिस्क वाचते. क्रोमियम या ब्राउझरवालेही हेच करतात: घरात काम करताना कंपोनंट बिल्ड, म्हणजे शेकडो लहान शेअर्ड लायब्ररी, लोकांना देताना स्टॅटिक. पण एलएलव्हीएममध्ये या शेअर्ड बिल्डचा खरा उपयोग वेगळाच निघाला. समजा एका लायब्ररीतल्या कोडने दुसरीतलं फंक्शन वापरलं आणि बिल्डच्या फाइलीत तसं जाहीर केलं नाही. स्टॅटिकमध्ये हे खपून जातं, कारण शेवटी जे टूल बांधलं जातं त्यात ती दुसरी लायब्ररी कुठून ना कुठून आलेलीच असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेअर्ड बिल्डमध्ये मात्र प्रत्येक लायब्ररीला स्वतःपुरतं पूर्ण असावं लागतं, आणि एलएलव्हीएम लिंकरला बजावूनच ठेवतं की एकही नाव उधार चालणार नाही. मूठ तिथे उघडते. नवख्या माणसाचा पॅच त्याच्या मशीनवर चालतो, बहुतेक बॉटवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर) चालतो, आणि एका शेअर्ड बॉटवर लिंकर बोंबलतो. मग कोणीतरी एक ओळ वाढवून दुरुस्ती टाकतो. हे सतत चालू असतं.

ती एक ओळ क्षुल्लक वाटते. पण लाखो ओळींच्या कोडमध्ये कोण कोणावर अवलंबून आहे याचा खरा नकाशा त्या ओळींतूनच बनतो. स्टॅटिक बिल्ड हा नकाशा तपासतच नाही. वर्षभर फक्त स्टॅटिकवर टेस्ट चालवणाऱ्या प्रकल्पात दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून होऊन बसतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ज्या दिवशी त्यातली एक वेगळी काढून दुसऱ्या प्रकल्पाला द्यायची वेळ येते, त्या दिवशी कळतं.

लिनक्सवर इथे एक मेख आहे. नुसतं शेअर्ड बांधणं पुरत नाही. ईएलएफ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत शेअर्ड लायब्ररी बांधताना एखादं नाव सापडलं नाही तरी लिंकर ठरलेल्या सवयीने गप्प बसतो, चालताना कोणीतरी देईल असं धरून चालतो. विंडोज आणि मॅकवर तिथल्या तिथे अडवणूक होते. तेव्हा लिनक्सवरच्या शेअर्ड बिल्डला ‘सगळी नावं सापडलीच पाहिजेत’ हा कडक पर्याय दिला नसेल, तर तिचा अर्धा फायदा वाया गेला. शेअर्ड बॉट ठेवलेल्या कितीतरी प्रकल्पांत हा पर्याय चालू नसतो.

एलएलव्हीएमच्या कथेला दुसरीही बाजू आहे. फेडोरा आणि डेबियनसारख्या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार वितरणं, एलएलव्हीएमची एकच मोठी शेअर्ड लायब्ररी करून देतात. आता एखाद्या प्रोग्रॅममध्ये ही मोठी लायब्ररी आली आणि तिच्यातलाच एखादा तुकडा स्टॅटिक रूपातही आला, तर एकाच प्रोसेसमध्ये त्याच ग्लोबल व्हेरिएबलच्या दोन प्रती तयार होतात किंवा एकच गोष्ट दोनदा नोंदवली जाते. एलएलव्हीएममध्ये कमांडलाइनचे पर्याय ग्लोबल ऑब्जेक्ट म्हणून नोंदवले जातात, म्हणून प्रोग्रॅम सुरू होताच ‘हा पर्याय एकाहून जास्त वेळा नोंदवला आहे’ असं सांगून कोसळतो. ज्यांनी एलएलव्हीएमवर काही बांधलं आहे त्यांना हा संदेश पाठ असेल. फक्त स्टॅटिकवर टेस्ट चालवणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. दिसतो तो त्याचं पॅकेज बांधणाऱ्याला. चूक एकाची आणि रात्रीची झोप दुसऱ्याची उडते, यावर माझा खरा आक्षेप आहे.

स्टॅटिकच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आता घेतो, कारण तो मला पटतो. शेअर्ड बिल्डवर टेस्ट चालवताना आपण नक्की कुठली लायब्ररी तपासतो आहोत याची खात्री नसते. लोडर लायब्ररी शोधतो ती चालतानाच. तुमच्या शेलमध्ये लायब्ररीचा मार्ग सांगणारं व्हेरिएबल कधीकाळी ठेवलेलं असेल आणि तिथे सहा महिन्यांपूर्वीची प्रत पडलेली असेल, तर टेस्ट त्या जुन्या प्रतीवर चालू शकतात. सीमेक बिल्डच्या फोल्डरचा मार्ग प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवतो खरा, पण तो मार्ग रनपाथ या नव्या धाटणीने लिहिला असेल तर शेलमधलं व्हेरिएबल त्याच्याआधी पाहिलं जातं. आरपाथ या जुन्या धाटणीत क्रम उलटा होता. शिवाय रनपाथ फक्त थेट अवलंबनाला लागू पडतो, लायब्ररीच्या लायब्ररीला नाही. विंडोजवर असा मार्ग लिहून ठेवायची सोयच नाही, डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवा नाहीतर पाथमध्ये घाला. मॅकवर 2015 पासून सिस्टीमच्या संरक्षित शेलमधून गेलं की लोडरची व्हेरिएबल गाळली जातात, त्यामुळे शेल स्क्रिप्टमधून चालणाऱ्या टेस्ट अचानक ‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणून बसकण मारतात.

म्हणजे आज दुरुस्त केलेला बग टेस्टमध्ये अजून दिसतोय, किंवा त्याहून वाईट, आज घातलेला बग टेस्टमध्ये दिसतच नाही, कारण टेस्ट कालच्या लायब्ररीवर चालली. स्टॅटिकमध्ये हा घोळ संभवत नाही. जे बांधलं तेच प्रोग्रॅमच्या पोटात आहे. बग शोधताना डीबगरलाही ते सोपं जातं. लिबटूल टेस्टच्या जागी शेल स्क्रिप्टचं वेष्टण ठेवतो आणि खरा प्रोग्रॅम एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो, त्याला डीबगर लावताना नवशिक्याची जी दमछाक होते ती ज्याने पाहिली त्याला हे सांगायला नको.

दुसरी खरी अडचण आतल्या फंक्शनची. नीट बांधलेली शेअर्ड लायब्ररी आपली फक्त जाहीर फंक्शन बाहेर दाखवते, बाकीची लपवते. ते योग्यच आहे. पण युनिट टेस्टला नेमकी आतली फंक्शन तपासायची असतात. मग लोक टेस्टच्या सोयीसाठी सगळीच नावं उघडी करून टाकतात, आणि ती उघडी नावं बाहेरचे लोक वापरायला लागतात. पुढची दहा वर्षं ती बदलता येत नाहीत. त्यापेक्षा कर्ल या डाउनलोडच्या प्रकल्पाने केलं ते चांगलं: युनिट टेस्टसाठी लायब्ररीची एक वेगळी, इन्स्टॉल न होणारी बिल्ड. तेव्हा युनिट टेस्ट स्टॅटिकवर चालवा, याला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती त्यावरच थांबण्याला.

आता एक मोठा वर्ग असा आहे जो म्हणतो, हा वादच कालबाह्य झाला. गो भाषा स्टॅटिक बायनरी देते, रस्ट आपल्या सगळ्या क्रेट (लायब्ररी) स्टॅटिक जोडतो, उरलेलं कंटेनरमध्ये बांधून पाठवतात. जे पाठवतो तेच तपासतो, विषय संपला. हे अर्धसत्य आहे. गोचा प्रोग्रॅम सीजीओ (गोमधून सी कोड वापरायची सोय) चालू असताना नेटवर्कचं पॅकेज वापरतो तेव्हा लिनक्सवर तो बहुधा गुपचूप सिस्टीमच्या सी लायब्ररीशी शेअर्ड जोडला जातो. रस्ट नेहमीच्या लिनक्स लक्ष्यासाठी जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, शेअर्डच घेतो. आणि जीलिबसी पूर्ण स्टॅटिक जोडली तरी यूजरचं किंवा होस्टचं नाव शोधताना ती चालू मशीनवरच्या शेअर्ड लायब्ररी मागते, त्याही तिच्या स्वतःच्या आवृत्तीच्या. पूर्ण स्टॅटिक बिल्डमध्ये थ्रेड वापरणारा सी++ प्रोग्रॅम सुरू होताच कोसळण्याचा किस्सा तर वर्षानुवर्षं चालला. थ्रेडची फंक्शन ‘मिळाली तर घेऊ’ अशा कमकुवत मागणीने मागितली जात आणि स्टॅटिक लिंकर ती उचलत नसे. 2021 मध्ये जीलिबसी 2.34 ने थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीतच विलीन केली तेव्हा कुठे ते मिटलं. कंटेनरमध्ये तर आत अख्खी डिस्ट्रोच असते, तिच्या शेअर्ड लायब्ररींसकट.

शिवाय स्टॅटिकची किंमत दुसरेच लोक मोजतात. मार्च 2002 मध्ये झेडलिब या डेटा आकसवणाऱ्या लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष जाहीर झाला आणि 1.1.4 ही दुरुस्त आवृत्ती आली. शेअर्ड झेडलिब वापरणारे प्रोग्रॅम एका पॅकेजच्या अपग्रेडने सुटले. पण झेडलिब लहान, मोकळ्या परवान्याची, म्हणून असंख्य प्रोग्रॅमनी ती पोटात घेतली होती. डिस्ट्रोच्या लोकांना एकेक प्रोग्रॅम उकरून ती शोधावी लागली. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या हार्टब्लीड दोषाच्या वेळीही तेच: शेअर्ड ओपनएसएसएल असलेला सर्व्हर अपग्रेड आणि रीस्टार्टवर निभावला, स्टॅटिक असलेला प्रोग्रॅम त्याच्या निर्मात्याच्या कृपेवर थांबला. डेबियन पोटातल्या प्रतींना विरोध करतं तो याच अनुभवातून.

पण मग शेअर्ड म्हणजे सुरक्षित का? मुळीच नाही, आणि शेअर्डवाल्यांनी मार्च 2024 विसरू नये. एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मागचं दार घातलेलं सापडलं. त्याचं लक्ष्य होतं ओपनएसएसएचचा, म्हणजे दुरून लॉगिन करू देणारा सर्व्हर. खुद्द ओपनएसएसएचला एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. काही डिस्ट्रोंनी सिस्टमडीला (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) निरोप पोचवण्यासाठी पॅच घालून सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी त्या प्रोसेसमध्ये येत होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला लागणारा साधारण अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ खटकला म्हणून ते उघडकीला आलं. ओपनएसएसएचच्या मूळ प्रकल्पाने आपल्या टेस्ट कितीही वेळा चालवल्या असत्या तरी त्या प्रोसेसमध्ये ही लायब्ररी आलीच नसती. त्यांनी तपासलेला प्रोग्रॅम आणि लोकांच्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

म्हणूनच शेअर्ड बिल्ड एकदा चालवून हात झटकता येत नाहीत. खालची लायब्ररी बदलत राहते. 2010 मध्ये फेडोरा 14 वर ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेयरचा आवाज फाटायला लागला, कारण जीलिबसीने मेमकॉपीची (मेमरीची नक्कल करणाऱ्या फंक्शनची) चाल बदलली आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या मेमरीवर मेमकॉपी वापरत होतं, जे नियमाने चूकच आहे. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्या बगवर जीलिबसीच्या बाजूला चांगलंच धारेवर धरलं होतं. शेवटी 2.14 मध्ये जुन्या बायनरींसाठी जुनी सहनशील चाल आणि नव्यांसाठी नवी, अशी आवृत्त्यांची विभागणी करावी लागली. चूक कोणाची हा वाद बाजूला ठेवा. फ्लॅशच्या कुठल्याही टेस्टला, ती जुन्या जीलिबसीवर चालत होती तोवर, ही चूक दिसणं अवघडच होतं.

पुण्यातल्या किंवा बंगळुरूच्या सर्व्हिस कंपनीत काम करणाऱ्याला हे वेगळ्या रूपात माहीत आहे. बिल्ड नव्या उबंटूवर, ग्राहकाचा सर्व्हर जुन्या एंटरप्राइज लिनक्सवर, आणि तिथे पोचल्यावर ‘जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही’. मग घाईघाईत कोणीतरी सगळं स्टॅटिक करून पाठवतो, वेळ मारून नेली जाते आणि पुढच्या ओपनएसएसएलच्या दुरुस्तीच्या वेळी त्या बायनरीत काय काय आहे हे सांगायला कोणी उरलेलं नसतं. सर्वांत जुन्या ज्या मशीनला आपण आधार देतो तिथे बांधणं आणि सर्वांत नव्यावरही टेस्ट चालवणं, हा कंटाळवाणा मार्गच योग्य. पायथनच्या मेनीलिनक्स व्हील (अनेक लिनक्सवर चालणारी तयार पॅकेजं) याच तत्त्वावर चालतात.

आक्षेप उरतो तो पैशांचा. स्टॅटिक, शेअर्ड, डीबग, रिलीज, तीन ऑपरेटिंग सिस्टीम, दोन कंपायलर असा गुणाकार केला की सीआयचं बिल परवडत नाही, आणि दोन स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला तर नाहीच नाही. सगळं सगळ्यावर चालवा असं मी म्हणत नाही. प्रत्येक पॅचवर लिनक्सची एक कडक शेअर्ड बिल्ड, तिच्यावर मुख्य टेस्ट. युनिट टेस्ट स्टॅटिकवर. आणि रिलीजआधी एकदा, बिल्डचं फोल्डर नसलेल्या कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल करून जाहीर फंक्शनची छोटी तपासणी. त्या तिसऱ्या पायरीवर प्रोग्रॅमने कुठून कुठली लायब्ररी उचलली हे एलडीडीने (लायब्ररींची यादी दाखवणाऱ्या कमांडने) छापून लॉगमध्ये ठेवावं. बांधल्याच्या फोल्डरचा मार्ग तिथे दिसला तर टेस्ट नापास. मेमरीच्या चुका शोधणारी साधनं हवी असतील तरी पूर्ण स्टॅटिक बिल्ड आडवी येते: ॲड्रेस सॅनिटायझर तसल्या बिल्डला आधार देत नाही, आणि व्हॅलग्राइंडला मेमरी वाटपाची फंक्शन आपल्या ताब्यात घेता यावीत यासाठी ती शेअर्ड असलेलीच बरी.

आणि जो प्रकल्प फक्त स्टॅटिकच देतो, त्याने तसं उघड करावं. बिल्डच्या फाइलीत शेअर्डचा पर्याय ठेवायचा, त्यावर एकही टेस्ट चालवायची नाही, आणि कोणी बग नोंदवला की ‘आम्ही तसं वापरत नाही’ म्हणायचं, हे आज फार दिसतं. विंडोजवर एका डीएलएलमधून जास्तीत जास्त 65535 नावं बाहेर देता येतात आणि एलएलव्हीएमसारखा अवाढव्य कोड त्यात सहज मावत नाही. एलएलव्हीएम मात्र हे उघड सांगतं: मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर कोणी प्रत्येक लायब्ररी शेअर्ड बांधायचा पर्याय मागितला, तर त्यांची सीमेकची फाइल हा पर्याय चालत नाही एवढं सांगून बिल्ड तिथेच थांबवत आली आहे. त्यावर लोक कुरकुरले, पण फसवलं गेलं असं कोणाला म्हणता आलं नाही.